अपघात क्लेमच्या वकिलांच्या असोसिएशनचं मेंबर व्हावं का?

अंबाजोगाई_ज्युनिअर
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली इथं नुसता वाचत बसतो, आज पहिल्यांदाच धागा काढायलोय, चूकभूल सांभाळून घ्या. मी वकिली करतो, सहावं वर्ष. पहिली तीन वर्षं सरांच्या हाताखाली दिवाणी केली, आता निम्म्याच्या वर काम एमएसीटीचं, म्हणजे मोटार अपघाताच्या क्लेमचं आहे. परवा दिल्लीच्या एका संस्थेचा मेल आला. अपघात नुकसानभरपाईच्या वकिलांची अखिल भारतीय असोसिएशन म्हणे. वर्षाची वर्गणी साडेपाच हजार, आजीव व्हायचं तर पंचवीस हजार. त्यात फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, कोटाला लावायला बिल्ला, दर महिन्याला निकालांची पीडीएफ आणि गोव्यात दोन दिवसांची परिषद, पण राहायचं-खायचं आपलं आपण.

बायको म्हणते साडेपाच हजारात मागच्या खोलीचे दोन पत्रे बदलून होतील, पावसाळ्याच्या आत. तिचं चूक नाही. पण माझं डोकं असं चालायलंय की आपल्याकडं एमएसीटी म्हणलं की लोकांना वाटतं चार कागद जोडले की झालं. कुणी शिकवत नाही. बार रूममध्ये विचारावं तर हसतात. मग मेंबर व्हावं का? कुणाला अनुभव आहे का अशा संस्थांचा?

रिकामटेकडा_नांदेड
पत्रे बदला. धागा संपला.

शब्दखुळा
‘मेंबर’ला ‘सभासद’ हा चांगला शब्द आहे. ‘क्लेम’ला ‘दावा’. बाकी विषयातलं मला काही कळत नाही.

जुनी_सनद
वकीलसाहेब, तुमच्या मेलमध्ये एक गोष्ट सांगितलेली नसणार, ती मी सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३६ वा नियम काढून वाचा. वकिलानं आपल्या पाटीवर, लेटरहेडवर आपण बार कौन्सिलचा किंवा कुठल्याही असोसिएशनचा अध्यक्ष किंवा सदस्य आहोत असं लिहायचं नाही. अमुक प्रकारच्या कामात आपण तज्ज्ञ आहोत असंही लिहायचं नाही. पाटीचा आकारसुद्धा माफक पाहिजे. २००८ साली वेबसाइटपुरती थोडी सूट मिळाली, तिथं नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं टाकता येतं.

म्हणजे ते फ्रेम केलेलं सर्टिफिकेट तुम्ही लावणार कुठं? ऑफिसात पक्षकाराच्या डोळ्यासमोर लावलं तर ती जाहिरात नाही का, हा प्रश्न कुणी तरी विचारणारच. आणि बिल्ला कोटाला लावून कोर्टात उभे राहिलात तर जज्जसाहेब आधी बिल्ल्याकडं बघतील, मग तुमच्याकडं, आणि मग तारीख देतील. माझी एकतीस वर्षं झाली प्रॅक्टिसला. माझ्या पाटीवर नाव आणि बी.ए. एलएल.बी. एवढंच आहे, तीही पाटी मुलानं दोनदा रंगवली.

रिकामटेकडा_नांदेड
आमच्या इकडं एका वकिलाच्या पाटीवर नाव शोधायला दोन मिनिटं लागतात, बाकी सगळं माजी अध्यक्ष, माजी उपाध्यक्ष, माजी सहसचिव. ३६ वा नियम त्या पाटीच्या मागं दडलेला असंल.

लंडनस्थित_परभणीकर
मी इकडं एका सॉलिसिटर फर्ममध्ये हिशेबाचं काम बघतो, वकील नाही, तरी सांगतो. इथं अपघातग्रस्तांच्या बाजूनं लढणाऱ्या वकिलांची ‘एपिल’ नावाची असोसिएशन आहे, १९९० ची. तिच्यात नुसती वर्गणी भरून वरचा दर्जा मिळत नाही. किती केसेस केल्या, प्रशिक्षण किती घेतलं हे दाखवावं लागतं. आमच्या फर्मच्या लेटरहेडवर तिचा शिक्का अभिमानानं छापलेला आहे, त्यामुळं वरचं ३६ व्या नियमाचं वाचून गंमत वाटली. आणि ही मंडळी सरकारशी भांडतात पण. मान लचकल्याच्या दाव्यांना इथं २०२१ पासून ठरावीक दरपत्रक लागू झालं, त्याला त्यांनी जोरात विरोध केला होता.

अमेरिकेतली तर अजून जुनी. १९४६ मध्ये कामगारांच्या भरपाईचे खटले लढवणाऱ्या वकिलांनी काढली, नाव दोन-तीनदा बदललं, आता तिला अमेरिकन असोसिएशन फॉर जस्टिस म्हणतात. तिथं वकिलाला निकालातला हिस्सा फी म्हणून घेता येतो, साधारण तिसरा भाग.

बालाघाट_एक्सप्रेस
मान लचकल्याचे पैसे???? आमच्या गावच्या रस्त्यानं मी रोज एसटी चालवतो साहेब, मग तर मी करोडपती.

पॅनलवाला
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. विमा कंपन्यांच्या पॅनलवर बारा वर्षं आहे, म्हणजे कोर्टात कंपनीची बाजू मांडतो, त्यामुळं शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

परभणीकर म्हणतात तशी हिस्सा फी आपल्याकडं चालत नाही. बार कौन्सिलचाच २० वा नियम, निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि वसुलीत वाटा घ्यायचा नाही. आता चालत नाही म्हणजे चालतच नाही असं कुणी म्हणलं तर मी चहा सोडीन. सरकारी दवाखान्याच्या गेटवर जे लोक उभे असतात, अॅम्ब्युलन्स आली की आधी नातेवाइकाचा नंबर घेतात मग पेशंटकडं बघतात, त्यांना कोण पाठवतं? नवीन असोसिएशन काढायची असंल तर पहिला ठराव ह्यावर करा, मी स्वतः येऊन टाळ्या वाजवतो.

आणि तुमच्या त्या दिल्लीच्या संस्थेत पॅनलवाल्यांना घेतात का? विचारा. घेत असतील तर मग ती अपघातग्रस्तांच्या वकिलांची कशी?

मांजराकाठ
पॅनलवाला सर, एजंटांचं तुमचं खरं आहे, पण एजंटांकडून केस घेणारा वकील आणि आमच्यासारखा सकाळी अकरा ते सहा कोर्टात उभा राहणारा वकील एका टोपलीत घालू नका. मी लातूरची, बाईमाणूस, एमएसीटीच करते, माझ्याकडं आजवर एकही केस दवाखान्याच्या गेटवरून आली नाही.

ज्युनिअर भाऊ, मेंबर व्हा की नका होऊ ते मी शेवटी सांगते, आधी माझी फजिती ऐका. २०१९ ची गोष्ट. मयत चौतीस वर्षांचा, टेम्पोवर हमाल. मागं बायको, दोन पोरं आणि सासू म्हणजे मयताची आई. महिना नऊ हजार मिळकत कोर्टानं धरली. सुप्रीम कोर्टाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणं चाळीस टक्के भविष्यातली वाढ मिळवली, बारा हजार सहाशे. वर्षाचे १,५१,२००. अवलंबून असणारे चार म्हणून चौथा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी वजा, राहिले १,१३,४००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणं ३१ ते ३५ वयाला १६ चा गुणक. झाले १८,१४,४००. इथपर्यंत मी एकदम बरोबर, लई हुशार.

आता सहवास गमावल्याचे पैसे. २०१७ च्या प्रणय सेठीत चाळीस हजार आहेत, मी ते बायकोपुरते मागितले आणि गप बसले. माझ्या डोक्यात ‘सहवास’ म्हणजे नवऱ्याचाच. वर्षभरानं खंडपीठात कामाला गेले, तिथल्या कँटीनमध्ये एक वकील ताई सहज बोलता बोलता म्हणाली, अगं पण मॅग्मात पोरांना आणि आईबापालासुद्धा दिलेत की. २०१८ च्या सप्टेंबरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. माझ्या युक्तिवादाच्या आधी येऊन पडलेला, आणि मला पत्ता नाही. दोन पोरं, एक म्हातारी, तीन गुणिले चाळीस हजार, एक लाख वीस हजार रुपये माझ्या अडाणीपणापायी त्या घराचे गेले. हातातला डोसा तसाच ठेवला मी.

नशीब असं की विमा कंपनी १८ लाख जास्त झाले म्हणून अपिलात आली होती. त्याच अपिलात आम्ही क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे आमची उलट हरकत टाकली आणि ते पैसे मिळाले. कंपनी गप बसली असती तर गेलेच होते. पॅनलवाला सर, तुमच्या लोकांचे उपकार आहेत माझ्यावर.

पॅनलवाला
बिलात लावतो.

अंबाजोगाई_ज्युनिअर
मांजराकाठ ताई, वाचून पोटात गोळाच आला. खरं सांगू का, मॅग्मा मला माहीत आहे पण माझी पण अशी एखादी चूक आत्ता कुठल्या तरी फायलीत पडलेली असणार आणि मला ठाऊक नसणार, हीच तर भीती आहे. जुनी सनद सर, पाटीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, खरंच. मला सर्टिफिकेट नको आहे, मला विचारायला माणसं पाहिजेत.

टंकलेखक
मी कोर्टाबाहेर टाइपिंग करतो बावीस वर्षं. एक अनुभव. एमएसीटीचा अर्ज बरेच वकील मला म्हणतात, ‘मागच्याचा काढ अन् नाव बदल.’ एकदा नाव बदललं, गाडीचा नंबर बदलला, पण मयत ‘पुरुष’ राहिला. मयत बाई होती. विमा कंपनीच्या वकिलानं उलटतपासात एवढंच विचारलं की तुमची आई पुरुष होती का. पोरगं रडायला लागलं. असोसिएशन काढा नाहीतर नका काढू, अर्ज एकदा वाचून सही करा एवढं सांगा सगळ्यांना.

धारूरघाट
मी वकील नाय. पण हे सगळं वाचलं आन लिहावं वाटलं. आमी ऊसतोडीचे. मपला थोरला भाऊ चार सालापूर्वी कर्नाटकात कारखान्याला जाताना ट्रॅक्टर पलटी होऊन गेला. ट्रॉलीत बसला होता. वहिनी, दोन लेकरं. टोळी दसऱ्याला गेलेली, पट्टा पडायला, म्हंजी हंगाम संपायला चैत्र लागला. मुकादमानं उचल (आगाऊ दिलेले पैसे) अंगावर काढली, म्हणला आधी हिशोब मिटवा. गावात आल्यावर दिवस, वर्षश्राद्ध, वहिनीच्या बापाचं आजारपण. वकिलाकडं गेलो तर ते म्हणले सहा महिने होऊन गेले. दुसऱ्याकडं गेलो, ते म्हणले बेळगावला जाऊन केस टाकावी लागंल. तिसऱ्यानं सांगितलं ट्रॉलीत बसलेल्याला विमा नसतो. मग आमी दोन वर्षं गप बसलो. तुमची असोसिएशन झाली तर आमाला काय? तीन वकील तीन गोष्टी सांगत्यात, कुणाचं खरं धरावं आमच्यासारख्यानं?

जुनी_सनद
धारूरघाट, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. भाऊ, आधी कामाचं बोलतो, कारण तुमची केस मेली असं मी समजत नाही.

बेळगावला जा म्हणणारा साफ चुकला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्येच लिहिलंय की दावा करणारा जिथं राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. वहिनी बीड जिल्ह्यात राहतात ना, मग इथंच. सहा महिन्यांची मुदत ही २०१९ च्या दुरुस्तीनं आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिलाय, ते प्रकरण चालू असेपर्यंत नुसत्या मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत म्हणून. ह्या मुदतीनं सगळ्यात जास्त मार कुणाला बसला असंल तर ऊसतोड कुटुंबांना. मुंबईत बसून सहा महिने पुष्कळ वाटतात. फडावर बसून मोजले की कळतं, निम्मा काळ तर मुकादमाच्या हातात असतो.

आणि तो रस्ता नाहीच निघाला तर कामगार भरपाईचा रस्ता आहे; अपघात झाला तेव्हा त्यासाठी १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. मालक कोण, कारखाना की मुकादम, यावर भांडण होतं, पण भांडायला जागा आहे. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, भावाचा शाळेचा दाखला एवढं गोळा करून ठेवा. आधार कार्डावर विसंबू नका.

पॅनलवाला
ट्रॉलीचं मी सांगतो, कारण ती हरकत मीच घेतो. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीत बसलेली माणसं धरलेली नसतात, बऱ्याचदा ट्रॉलीचा वेगळा विमाच नसतो. ही हरकत खरी आहे, पण त्यानं ट्रॅक्टरचा मालक सुटत नाही, तो बांधील राहतोच. आणि काही प्रकरणांत कोर्ट कंपनीला सांगतं की आधी तुम्ही पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. तिसऱ्या वकिलानं ‘विमा नसतो’ म्हणून वाटेला लावलं ते अर्धंच सांगितलं. मी विरुद्ध बाजूचा असून हे लिहायलोय, आमच्या कंपनीला दाखवू नका.

बालाघाट_एक्सप्रेस
आधारचं काय म्हणले सनदकाका?

मांजराकाठ
मी सांगते. आपल्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला असतो, आधारवर बघा. जन्मतारीख माहीत नाही म्हणून ऑपरेटरनं टाकलेली. आता माझ्या वरच्या हिशोबात मयत पस्तिसाचा धरला तर गुणक १६, छत्तिसाचा धरला तर १५. एका वर्षाच्या फरकानं सरळ १,१३,४०० रुपये कमी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला धरा. त्यामुळं मी हल्ली पक्षकार आला की पाणी दिल्यावर पहिलं वाक्य, ‘शाळा कुठली होती?’ एकदा एका आजोबांनी मलाच विचारलं, केस नातवाची का शाळेची.

रिकामटेकडा_नांदेड
माझा, बायकोचा, सासऱ्याचा तिघांचा १ जानेवारी. एका केकात भागतं. ज्यानं ही तारीख टाकली त्याला असोसिएशनचा आजीव सभासद करा.

शब्दखुळा
‘अंतरिम’ बरोबर लिहिलंत, बरेच जण ‘अंतरीम’ लिहितात. धारूरघाट, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं.

सिडको_एन७
मुद्द्यावर या जरा. मी अशा एका संस्थेचा तीन वर्षं सभासद होतो, नाव घेत नाही. परिषदेला गेलो. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, सत्कार, शाल, नारळ, पुन्हा सत्कार. जेवणाआधी एक भाषण, ते रस्ता सुरक्षेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सत्र खरंच चांगलं झालं, अपंगत्वाच्या टक्क्यावर. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल, डॉक्टरनं सर्टिफिकेटवर लिहिलेला टक्का वेगळा आणि त्या माणसाची कमाई किती बुडाली तो टक्का वेगळा. ड्रायव्हरचा पाय गेला तर कागदावर चाळीस टक्के, त्याच्या पोटाला शंभर. बोलणारा वकील केरळचा, त्यानं डॉक्टरला साक्षीला कसं बोलवायचं, काय काय विचारायचं ते सगळं प्रश्न-उत्तर करून दाखवलं. पाऊण तास. त्या पाऊण तासाचे माझे तीन वर्षांचे पैसे वसूल झाले असं मी आजही म्हणतो. बाकी सव्वा दिवस शाली मोजल्या. मासिक पीडीएफमध्ये मात्र सगळे निकाल फुकट साइटवर मिळतात तेच होते, वर संस्थेच्या अध्यक्षाचा फोटो.

पीडीएफ आणि बिल्ला सोडून द्या. तिथं कोण येतं आणि त्यातले कितीजण तुमचा फोन उचलतील एवढंच बघा.

जुनी_सनद
सिडकोकरांशी सहमत, पण एक भर. आमच्या वेळी फोन उचलणारे लोक म्हणजे आपलाच तालुका बार. सिनियर शिव्या द्यायचा, पण फाइल हातात घेऊन वाचायचा. आता सिनियरला वेळ नाही आणि ज्युनिअरला शिव्या चालत नाहीत.

मांजराकाठ
काका, शिव्या आम्ही पण खाल्ल्या, पण बायकांना त्या बार रूममध्ये कुणी फाइल हातात घेऊन शिकवलं नाही हो. मला मॅग्मा कँटीनमध्ये कळलं, बार रूममध्ये नाही. त्यामुळं जुन्या बारचं लई गुणगान नको.

जुनी_सनद
मान्य. ते आमच्या पिढीचं चुकलंच.

मांजराकाठ
बरं ज्युनिअर भाऊ, शेवटी सांगते म्हणले होते. साडेपाच हजार दिल्लीला पाठवू नका. लातूर, बीड, धाराशिव, परभणी मिळून एमएसीटी करणारे आपण पंधरा-वीसजण सहज निघू. महिन्यातनं एकदा बसायचं, प्रत्येकानं आपली एक हरलेली केस आणायची. जिंकलेली आणायची नाही, त्यात सगळे बढाया मारतात. पॅनलवाला सरांना पण बोलवा, त्यांच्या हरकती आधी कळल्या तर आपले अर्ज सुधरतील.

पॅनलवाला
येईन. पण माझ्या चालू केसेसवर एक शब्द बोलणार नाही, आणि चहा तुमचा.

धारूरघाट
सनदकाका, शाळेचा दाखला मिळाला काल. मास्तरनं जुनं रजिस्टर काढून दिलं, भाऊ पाचवीत शाळा सोडून तोडीला गेला त्याची नोंद हाय, कारण म्हणून ‘स्थलांतर’ लिवलंय. आधारपेक्षा दोन वर्षांनी लहान निघाला तो. वहिनीला दाखवला तर लई येळ हातात धरून बसली. आता कुणाकडं जावं?

जुनी_सनद
ह्या वेळी कुणी अर्धं सांगणार नाही. तुम्हाला खासगी निरोप पाठवलाय, बघा.

अंबाजोगाई_ज्युनिअर
मंडळी, सव्वा महिन्यानं परत आलो. मेंबर झालो नाही. मांजराकाठ ताईंनी सांगितलं तसं बसलो, अंबाजोगाईत बसस्टँडमागं चहाच्या हॉटेलात, शनिवारी संध्याकाळी. वीसजणांना निरोप, बाराजण येतो म्हणले, आले पाच. त्यात एक पॅनलवाला सर (ओळखू आले, चहा तीन वेळा घेतला). नाव ठेवलं नाही, वर्गणी नाही, नुसता चहा अन् दोन प्लेट भजी. मी एक हरलेली केस नेली होती, ड्रायव्हरच्या लायसनवर गेलेली. साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन होतं आणि छोटा माल टेम्पो चालवत होता. टेबलावर दहा मिनिटांत कळलं की नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानं साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला ते लायसन चालतं, आणि अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपायला माझ्याकडं अजून अकरा दिवस होते. भजी तिथंच सोडून उठलो. अपील दाखल झालंय.

टंकलेखक
अर्ज वाचून सही केली का?

अंबाजोगाई_ज्युनिअर
तीनदा.

रिकामटेकडा_नांदेड
ते सगळं ठीक. गोव्याचं काय झालं?

अंबाजोगाई_ज्युनिअर
सभासद नसणाऱ्यांना पण येता येतं म्हणे, सात हजारात. सिडकोकरांच्या त्या केरळच्या वकिलाचं नाव पत्रिकेत दिसतंय. पत्रे बदलून झालेत, पण बायकोला अजून बोललो नाही.